गरीब, होतकरू आणि मी

आमच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या डाव्या बाजूला एक चौकट टांगलेली आहे. आत पिवळा पडलेला कागद, कागदावर माझं नाव आणि नावापुढे चौथीची शिष्यवृत्ती मिळाल्याची नोंद. साल १९७१. लग्नाच्या अल्बमवर चहा सांडला तर आमच्याकडे चालतं, पण या काचेवर माशी बसलेली मला खपत नाही. येणाऱ्याची नजर तिथेच जावी अशा बेतानं मी सोफा मांडला आहे. तरी नाही गेली, तर "तिकडे पंख्याचा वारा लागतोय ना?" असं विचारून मी पाहुण्याची मान डावीकडे वळवतो. पंखा उजवीकडे आहे.

एखादा आगाऊ पाहुणा विचारतो, "किती मिळायचे हो तेव्हा?" मग मी विषय बदलतो. ती रक्कम ऐकली की समोरच्याच्या डोळ्यांत दया दाटून येते, आणि मला हवा असतो आदर. पुढे परीक्षा चौथी-सातवीवरून २०१६-१७ मध्ये पाचवी-आठवीवर गेली आणि २०२३ साली सरकारनं रक्कम वाढवली. पाचवीच्या मुलाला वर्षाला ५,००० रुपये आणि आठवीच्या मुलाला ७,५००. तेव्हापासून मी पाहुण्यांना तो वाढीव दर सांगतो.

निवृत्त झाल्यावर माणसाचे एक तर गुडघे दुखायला लागतात, नाहीतर त्याला समाजाचं ऋण आठवतं. माझे गुडघे ठणठणीत होते. विमा कंपनीतून साठाव्या वर्षी बाहेर पडलो तेव्हा हातात फंडाचे पैसे होते आणि डोक्यात अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील, उभा जन्म प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांच्या नावानं काहीतरी करावं असं फार दिवस मनात होतं. देवळाला फरशी द्यावी, तर नाव कोरलेल्या जागेवरच लोक पाय ठेवतात. बागेत बाकडं द्यावं, तर त्यावर कुत्री झोपतात. शिष्यवृत्तीवर कुणी झोपत नाही. शिवाय पेपरात फोटो येतो.

बँकेत अडीच लाखांची ठेव ठेवली. व्याजातून वर्षाला १५,००० रुपये एका विद्यार्थ्याला द्यायचे ठरले, कॉलेजच्या पहिल्या वर्षासाठी. कोणत्या विद्यार्थ्याला? अर्थातच 'गरीब, होतकरू व गुणवंत'. हे तीन शब्द मराठीत तिळे जन्माला आलेले आहेत, त्यांची ताटातूट आजवर कुणी केलेली नाही. आमच्या सकाळच्या फिरण्यातले एक निवृत्त हेडसर या कामी माझे सल्लागार होते. त्यांचं म्हणणं, 'गुणवंत' आधी घ्या. "गरीब काय हो, कुणीही असतं," ते म्हणाले. मी मान डोलावली. मग 'होतकरू' म्हणजे नक्की काय, यावर अजिंक्यतारा चढून उतरेपर्यंत चर्चा झाली. अर्थ दोघांनाही सांगता आला नाही, पण शब्द काढून टाकायचं धाडसही झालं नाही.

फुकट पैसे द्यायचे म्हणजे अटी हव्यात. अटींनीच शिष्यवृत्तीला वजन येतं, असं माझं ठाम मत. लोकांचे विम्याचे दावे त्रुटी काढून परत पाठवण्यात माझी चाळीस वर्षं गेली, तेव्हा या कामाला माझ्याइतका लायक माणूस सातारा जिल्ह्यात नव्हता. फॉर्म चार पानांचा झाला. बारावीला किमान ८५ टक्के. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. रहिवास दाखला. शाळा सोडल्याचा दाखला. प्राचार्यांचं शिफारसपत्र. नात्यात नसलेल्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींनी दिलेले चारित्र्याचे दाखले. तीन फोटो, पांढऱ्या पडद्यासमोर काढलेले. 'माझ्या जीवनाचे ध्येय' हा पाचशे शब्दांचा निबंध, स्वतःच्या अक्षरात. आणि सगळ्या प्रतींवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही-शिक्का. सरकार आता विद्यार्थ्यानं स्वतः सही केलेल्या प्रतीसुद्धा चालवून घेतं. पण सरकार भोळं असतं, मी नव्हतो.

थोरामोठ्यांनी शिष्यवृत्त्या कशा दिल्या, तेही मी वाचून काढलं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना एल्फिन्स्टन कॉलेजात असताना महिना २५ रुपये दिले. पुढे १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांकरता. बदल्यात करार काय, तर शिक्षण संपल्यावर दहा वर्षं बडोदे संस्थानची नोकरी. हा करार मला फार भावला. माझ्याकडे संस्थान नसल्यामुळे मी कलम १४ मध्ये एवढंच घातलं, की शिष्यवृत्तीधारकानं पुढची दहा वर्षं अण्णांच्या पुण्यतिथीला आमच्या घरी हजर राहावं. महाराज तीन वर्षं पैसे देणार होते आणि तुम्ही एकदाच देणार आहात, हे हिनं माझ्या लक्षात आणून दिलं. तोवर फॉर्म छापून झाले होते.

शेवटचं कलम साधं होतं. 'अर्ज विद्यार्थ्याने स्वतः आणून द्यावा. वेळ सायंकाळी ४ ते ६.' चार का, तर दीड ते साडेतीन मी झोपतो आणि मग चहा घेतो.

एका कॉलेजच्या काचेच्या फलकात सूचना लागली. अर्ज आले चार. मला वाटलं होतं झुंबड उडेल, पण हेडसर म्हणाले, "उच्च दर्जाचं लक्षण आहे." चारही अर्ज प्लास्टिकच्या फाइलीत, पानापानाला रंगीत चिकटपट्ट्या लावून आले होते. त्यातला एक तर इतका देखणा होता, की बघताक्षणी माझ्यातला दावे विभाग विरघळला. ९१ टक्के, निबंध मोत्यांसारखा, उत्पन्न वर्षाला दीड लाख, सही तहसीलदारांची. एकही त्रुटी नाही. चाळीस वर्षांत असा कागद मी पाहिला नव्हता.

समारंभ एका छोट्या सभागृहात ठेवला. शाल, श्रीफळ, कंदी पेढे. मुलगा आला तो एका पांढऱ्याशुभ्र, उंच गाडीतून. गाडी इतकी उंच, की उतरताना त्याच्या आजीला पायरी लागत होती आणि ती पायरी बटण दाबल्यावर आपोआप बाहेर येत होती. मी हेडसरांकडे पाहिलं. हेडसर पेढ्यांकडे पाहत होते.

मुलगा खरोखर गुणी होता, हे मला सांगितलंच पाहिजे. वाकून नमस्कार केला. मग हळूच म्हणाला, "काका, तुमचा फॉर्म एकदम बेस्ट आहे. बाकीचे ट्रस्ट एवढी कागदपत्रं मागत नाहीत, त्यामुळे तिकडे फार गर्दी होते." त्याला ही त्या वर्षातली तिसरी शिष्यवृत्ती होती. वडिलांशी ओळख झाली. शेती आणि 'किरकोळ व्यवसाय', असं त्यांनी सांगितलं. नोकरदाराची कमाई फॉर्म १६ वर पै न् पै उमटते. शेती आणि किरकोळ व्यवसायाची कमाई माणूस सांगेल तेवढी. त्यांनी सांगताना संकोच केला होता, इतकंच. जाताना ते माझा हात हातात घेऊन म्हणाले, "फार मोठं काम करताय. आमच्या वडिलांच्या नावानं पण अशीच एखादी चालू करू या. फॉर्म मात्र तुमचाच ठेवू."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. 'गरीब व होतकरू विद्यार्थ्यास मदतीचा हात.' हात माझा होता. मागे त्या गाडीचं चाक स्पष्ट दिसत होतं. हिनं चष्मा लावून फोटो नीट पाहिला आणि म्हणाली, "अहो, त्या एका टायरला पुरेल का हो तुमची शिष्यवृत्ती?"

आता हे दुसऱ्या कुठल्या गावात घडतं तर एक वेळ चाललं असतं. घडलं साताऱ्यात. याच गावात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सगळ्या जातींच्या मुलांसाठी बोर्डिंग काढलं. त्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांमागून वसतिगृहं उभी केली, कारण खेड्यातल्या पोराचं अडतं ते आधी झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण यावर, टक्के नंतर. हे सगळं मला पाठ होतं. कर्मवीरांच्या जयंतीला यावर मी तीनदा भाषणही केलेलं आहे. आणि लक्ष्मीबाईंच्या गावात मी मुलांकडे पांढऱ्या पडद्यासमोरचे तीन फोटो मागत होतो.

हे मी हिच्यापाशी बोललो. सहानुभूतीच्या अपेक्षेनं बोललो होतो. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "तुम्ही एकदा भरून बघा की तुमचा फॉर्म."

"त्यात काय आहे?" मी म्हणालो. शिष्यवृत्तीधारक माणूस मी. चौकटीकडे एक नजर टाकली आणि पेन उघडलं.

कलम १. बारावीचे टक्के. मी कपाटातून गुणपत्रिका काढली. ५४.

"पहिल्याच कलमात गेलात," ही म्हणाली. मी म्हणालो, प्रयोग म्हणून पुढे भरू. प्रयोगाला टक्के लागत नाहीत.

चारित्र्याचे दोन दाखले. हेडसरांनी लगेच लिहून दिलं, "यांना मी चार वर्षांपासून ओळखतो. सकाळी नियमित फिरतात." चारित्र्याबद्दल यापलीकडे काही लिहायला ते तयार होईनात. दुसऱ्यासाठी शेजारच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "का हो? पोलिसांचं काही झालंय का?"

मग राजपत्रित अधिकारी. हा प्राणी कुठे सापडतो, याचा विचार मी फॉर्म छापताना केला नव्हता. दोन कचेऱ्यांतून 'साहेब मीटिंगला गेलेत' असं कळलं. तिसरीत साहेब होते, पण अनोळखी माणसाच्या कागदावर ते सही करत नव्हते, आणि ओळखीचा माणूस मला सापडत नव्हता. शेवटी कुणीतरी सुचवलं की जनावरांचे सरकारी डॉक्टर राजपत्रित असतात. तिथे रांगेत माझ्या पुढे एक म्हैस होती, मागे दोन शेळ्या. डॉक्टर भले गृहस्थ. म्हशीला इंजेक्शन देऊन हात धुतले, माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्का मारला आणि सवयीनं माझ्या दातांकडे एकदा बघून घेतलं.

निबंधाचं सांगत नाही. 'माझ्या जीवनाचे ध्येय' असं शीर्षक लिहिलं, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि तासाभरानं दिवा मालवून झोपलो. बासष्टाव्या वर्षी हा प्रश्न माणसाला विचारू नये. अठराव्या वर्षी का विचारावा, हेही त्या रात्री कळेना.

उरला उत्पन्नाचा दाखला. तलाठी कार्यालयात गेलो तर भाऊसाहेबांकडे आणखी एका गावाचा कार्यभार, त्या दिवशी ते तिकडे. दुसऱ्यांदा गेलो तर ते पंचनाम्याला. तिसऱ्यांदा भेटले, कागद बघितले आणि म्हणाले, "हे ऑनलाइन करावं लागतं, सेवा केंद्रात जा." हे पहिल्या दिवशी दारावर लिहून ठेवलं असतं तर माझ्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या, असं मी बाणेदारपणे सुनावणार होतो. तेवढ्यात स्वतःच्या फॉर्मचं चौथं पान आठवलं आणि गप्प बसलो.

सेवा केंद्रात सात-आठ जण बाकावर बसले होते. सर्व्हर गेला होता. सर्व्हर हा आमच्याकडे पूर्वीच्या मामलेदारासारखा असतो. कधी येईल हे कुणी विचारायचं नाही, आला की सगळ्यांनी उठायचं. संगणकापाशी वीस-एकवीस वर्षांची एक मुलगी बसलेली. कॉलेजात शिकते, दुपारनंतर इथे काम करते, असं बाकावरच्या एका आजोबांनी सांगितलं. ती रिकामी बसलेली नव्हती. सर्व्हर येईपर्यंत समोरच्या एका पोराला झापत होती.

"अरे, महाडीबीटीचे पैसे आधारला जे खातं शेवटचं जोडलंय तिकडं जातात. तू सिमकार्ड घेताना रस्त्यावरच्या छत्रीखाली अंगठा दिला होतास ना? तिथं खातं उघडलंय तुझं. बघ त्यात."

पोरानं मोबाइल काढला, बराच वेळ खुडबुड केली आणि त्याचा चेहरा उजळला. त्याची शिष्यवृत्ती चार महिने त्या छत्रीखालच्या खात्यात पडून होती आणि तो बँकेत हेलपाटे घालत होता. मग एकीला तिनं सांगितलं की कॉलेजनं अर्ज त्रुटी सुधारायला परत पाठवलाय, लॉगिन करून बघितलाच नाहीस तर मुदत संपेल. एकीच्या बापाचं नाव दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं, एकाचं जातपडताळणीचं पान उलटं स्कॅन झालेलं. यातल्या एकाही गोष्टीचा कोणाच्या हुशारीशी काही संबंध नव्हता, आणि यातली एकही गोष्ट मला येत नव्हती.

माझी पाळी आली. तिनं माझ्या कागदांत तीन मिनिटांत दोन चुका काढल्या. दावे विभागात असती तर माझ्या आधी साहेब झाली असती. पेन्शनच्या पुस्तकात अण्णांचं पूर्ण नाव, आधारवर नुसतं आद्याक्षर. "कशासाठी पाहिजे दाखला? कारण टाकावं लागतं."

"शैक्षणिक," मी म्हणालो.

तिनं मान वर केली. बाकावरच्या आजोबांनीही. मग मला फॉर्म दाखवून सगळं सांगावं लागलं, अण्णांपासून. थोडं अभिमानानंच सांगितलं, खोटं कशाला बोलू. ती फॉर्म हातात घेऊन बघत राहिली.

"काका, हा मी भरलेला आहे."

"म्हणजे?"

"मागच्या वर्षी. सगळा भरून आणलेला तुमच्या घरी. पावणेतीनला आलेले. तुम्ही खिडकीतनं म्हणालात, चार वाजता या."

"मग?"

"साडेतीनची शेवटची गाडी आमची बामणोलीची. तिथनं पुढं लाँच. मी म्हटलं बरं."

बाकावर शांतता पसरली. सर्व्हर आला होता, पण कुणी उठलं नाही. मी विचारलं, "टक्के किती होते तुला?" ती म्हणाली, "राहू द्या की काका आता," आणि माझं नाव टाइप करायला लागली. आधी तिनं हिशेब मात्र सांगितला, न विचारता, दर सांगावा तसा. दाखल्याला दोन फेऱ्या, सहीला दोन, फोटो, झेरॉक्स, मोडलेले रोज धरून सातशे चाळीस रुपये. "बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट असतो, अहिल्याबाई होळकर योजनेत. कॉलेजला आलं की तिसरा हिस्सा भरावा लागतो. तो भरायचा होता म्हणून तुमची शिष्यवृत्ती." वडील रोजगारी. तेव्हापासून सातारची फेरी कागदांसाठी वाया घालवायची नाही असं ठरवून तिनं इथलं काम धरलं आणि नात्यातल्या एकांकडे राहायला आली.

माझा दाखल्याचा अर्ज तिनं सात मिनिटांत भरला. पावती हातात देताना म्हणाली, "वर्षाला सहा लाख दाखवलंय. तुमच्या अटीत बसत नाही तुम्ही."

घरी येऊन मी त्या खिडकीपाशी उभा राहिलो. आठवून बघितलं. खरं सांगायचं तर मुलगी आठवलीच नाही. मोडलेली झोप आठवली.

त्या दिवशी दुपारी झोप लागली नाही, आणि मग नको ते आठवत गेलं. १९७१ साली आमच्या वर्गात चाळीसेक पोरं होती. शिष्यवृत्तीचं मार्गदर्शक पुस्तक अख्ख्या गावात एकच होतं आणि ते आमच्या घरात होतं, कारण अण्णा मास्तर होते. जादा तास पहाटे आमच्याच पडवीत व्हायचे, कंदिलाच्या उजेडात. जवळपासची पोरं यायची. मागच्या बाकावर एक जण होता, मळ्यातल्या वस्तीवर राहायचा, तीन-चार मैलांवर. तो पहाटे कशाला येतोय? पण शाळेत अण्णा गणित घालायचे तेव्हा आमची पाटी भरायच्या आत तो उत्तर सांगून खिडकीबाहेर बघत बसायचा. दोन आगगाड्या समोरासमोरून येतात, हे गणित मला अण्णांनी चारदा समजावलं. पाचव्यांदा त्यानं समजावलं, मधल्या सुट्टीत, मातीत रेघा ओढून. तेव्हा कळलं.

परीक्षा तालुक्याच्या गावाला होती. अण्णांनी मला सायकलच्या कॅरियरवर बसवून नेलं, डब्यात आईनं शिरा दिला होता. तो आला नाही. का आला नाही, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. पेपरात आगगाड्यांचं गणित आलं होतं. निकाल लागला तेव्हा मी पेढे वाटले, त्यानंही एक घेतला.

पुढे कॉलेजात ५४ टक्केवाल्याची फी कुणी भरली, तेही त्याच दुपारी आठवलं. कुणीच भरली नाही. प्राथमिक शिक्षकांच्या मुलांना फी माफ असायची. आमच्या वर्गात दुसरी काही पोरं 'ईबीसी बाराशे'वाली होती, म्हणजे बापाचं वर्षाचं उत्पन्न बाराशेच्या आत म्हणून फी माफ झालेली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आलेली ती सवलत. त्या पोरांकडे मी जरा वरूनच बघायचो. मी स्वतःला शिष्यवृत्तीधारक समजत होतो ना.

हिनं संध्याकाळी विचारलं, "काय झालं? चौकटीकडे पाठ करून का बसलाय?" मी म्हणालो, पंखा लागतोय.

आठवड्यानं मी पुन्हा सेवा केंद्रात गेलो. फॉर्म तिच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, यातलं काय काढू? तिनं लाल पेन घेतलं. जीवनाचे ध्येय गेलं. चारित्र्य गेलं. फोटो गेले. राजपत्रित अधिकारी गेला, तेव्हा मला त्या म्हशीची आठवण येऊन भडभडून आलं. ८५ टक्क्यांपाशी पेन थांबलं. "ठेवायचंय?" मी म्हणालो, निदान ५५ तरी ठेव, मी बसत नाही एवढं. तिनं तेही खोडलं. मग 'होतकरू'वर बोट ठेवून विचारलं, "काका, याचा अर्थ काय?" दीड वर्षांत हे मला तिसऱ्यांदा कुणीतरी विचारत होतं, स्वतःला धरून. मी म्हणालो, काढून टाक.

अर्धं पान उरलं. नाव, गाव, कॉलेज, आणि एक ओळ: 'पैसे कशासाठी हवेत?'

यंदा अर्ज आले ३७. हेडसरांना हे पटलेलं नाही, ते म्हणतात दर्जा घसरला. मी सगळे वाचले. कुणाला एसटीचा पास, कुणाला खानावळीचं बिल, एकाला परीक्षा फी, एकीला वसतिगृहाची अनामत. एकीनं लिहिलंय 'चष्मा'. २०२४ पासून मुलींना इंजिनीअरिंग-मेडिकलसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलं तर. चांगली गोष्ट आहे. पण चष्मा आणि खानावळ त्या फीत येत नाहीत. पंधरा हजारांत कुणाचं किती भागतं, याचा हिशेब ती पोरगी करते आहे आणि मी बाजूला बसून पावत्या लावतो. तेवढं मला येतं. पेढे आणि शाल रद्द केल्यामुळे दोन पास जास्त निघाले.

तिला मी म्हणालो, तूही एक अर्ज भर. ती म्हणाली, "नको काका. तुमच्या पुण्यतिथीला दहा वर्षं यायला नाही जमायचं मला."

"अण्णांच्या," मी म्हणालो. ते कलम काढायचं राहून गेलं होतं. आता काढलंय.

साताऱ्यात आणि आसपास कॉलेजला जाणारं कुणी तुमच्या ओळखीचं असेल, तर कळवा. शेवटची तारीख ठेवलेली नाही, वेळही नाही. फक्त दुपारी दीड ते साडेतीनच्या मध्ये आलात, तर बेल जरा जोरात आणि दोनदा वाजवा. माझी झोप गाढ आहे.